शेजारच्या मांजरांचा परसबागेला होणारा उपद्रव : संबंध न तोडता काय करता येईल?

प्रश्न
परसदार, शाहूनगर, सातारा

सप्रेम नमस्कार. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगरमध्ये आमचे लहानसे घर आहे. घरामागे साधारण बारा फूट बाय अठरा फुटांची परसबाग असून, मूळ जमीन मुरमाड असल्यामुळे तिथे ट्रॉलीभर काळी माती आणून टाकली आणि गेली सतरा-अठरा वर्षे शेणखत घालून ती हळूहळू पिकती केली. मेथी, कोथिंबीर, अळू, चार वांगी, कुंपणावर तोंडलीचा वेल आणि कडेला गवती चहा एवढाच पसारा आहे. पण निवृत्तीनंतर माझ्या सकाळचे दोन तास त्यातच जातात.

गेल्या आठ-दहा महिन्यांपासून शेजारच्या घरातील मांजरे या वाफ्यांचा उपयोग शौचासाठी करू लागली आहेत. एक भाटी, तिची दोन वाढलेली पिल्ले आणि एक पिवळा बोका अशी ही मंडळी असून, बोका आपला नाही असे शेजारच्या वहिनींचे म्हणणे आहे, मात्र दूध-भाकरी त्यालाही त्यांच्याच ओट्यावर मिळते. मागच्या रविवारी मी मेथी पेरली, वर बोटभर माती लोटली आणि झारीने पाणी दिले. मंगळवारी सकाळी पाहतो तो वाफ्यात चार ठिकाणी उकरलेले खड्डे, बियाणे एका बाजूला लोटलेले आणि प्रत्येक खड्ड्यावर मातीची अगदी नीटस ओढलेली ढिगुळी. बियाणे सारखे करावे म्हणून हात घातला तो थेट त्या घाणीतच गेला. साबणाने तीन वेळा हात धुतले तरी दुपारी जेवताना घास तोंडाशी नेववेना.

मी आजवर जे उपाय केले ते प्रामाणिकपणे सांगतो. कोणी सांगितल्यावरून निळीच्या पाण्याच्या बाटल्या कुंपणालगत ओळीने मांडल्या. त्यांतल्या एका बाटलीला टेकून भाटी ऊन खात बसलेली मी स्वतः पाहिली आहे. लाल तिखट भुरभुरले, ते दवाने वाहून गेले. शेवटी कडेने काळे फिनेल ओतले, तर त्याने मांजरांऐवजी गवती चहाच करपला.

वहिनींशी एकदा बोललो. ‘मांजर काय दाव्याला बांधून ठेवायचे का, भाऊजी?’ असे त्यांनी हसून विचारले आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुसऱ्यांदा मी जरा चढ्या आवाजात बोललो, तेव्हापासून कुंपणावरून होणारे बोलणे बंद आहे. याच वहिनींनी दोन वर्षांपूर्वी आमच्या सौ. रुग्णालयात असताना सलग आठ दिवस डबा पोचवला होता, त्यामुळे हा अबोला मला मांजरांच्या घाणीहून जास्त लागतो.

त्यात आमची मुलगी पुढच्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी येत आहे. मांजरांच्या विष्ठेमुळे गर्भाला धोका असतो असे ऐकल्यापासून सौ. माझ्यामागे लागल्या आहेत की एक तर मांजरांचा बंदोबस्त करा, नाही तर परसबाग बंद करा. कायद्याने यात काही करता येते का, मांजरांना इजा न करता वाफे राखण्याचा खात्रीचा मार्ग कोणता आणि मुलीच्या बाबतीतली भीती कितपत खरी आहे, याविषयी अनुभवी सभासदांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.


उत्तर १
कोयनाकाठ, कराड

इतका विचार कशाला करता, काका? रात्री चौघांना पोत्यात घाला आणि पहाटे कासच्या रस्त्याला नेऊन सोडा. आमच्या गल्लीत हेच केले होते आणि त्यानंतर सहा महिने शांतता होती.


उत्तर २
कागदपत्र, सदर बझार, सातारा

वरील सल्ला कृपया अमलात आणू नये, आणि सहा महिन्यांनी काय झाले हे कोयनाकाठ यांनी लिहिलेले नाही, तेही लक्षात घ्यावे. कासचे पठार २०१२ पासून पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांत आहे. तिथे पाळीव मांजर सोडणे म्हणजे एक तर त्याला उपाशी मारणे किंवा जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर एक शिकारी सोडणे. शिवाय ही मांजरे वहिनींच्या मालकीची आहेत. दुसऱ्याच्या ताब्यातील जनावर त्याच्या नकळत पोत्यात घालून नेले, तर चोरीची तक्रारही होऊ शकते. मी काही वर्षे वकिलांच्या कार्यालयात काम केले आहे, त्या आधारावर पुढचे लिहितो. प्रत्यक्ष पाऊल उचलण्यापूर्वी आपल्या वकिलांना विचारावे.

कायद्याचे वजन कोणत्या बाजूला आहे हे आधी ओळखलेले बरे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा अधिनियम मांजरालाही लागू आहे आणि त्याच्या कलम ११ मध्ये मारहाण व विषारी पदार्थ खाऊ घालणे या गोष्टी स्पष्टपणे येतात. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत प्राण्याची किंमत दहा रुपये की पन्नास रुपये यावरून कलम ठरत असे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ मध्ये किमतीची ती अट राहिलेली नसून, कोणत्याही प्राण्याला आगळीक म्हणून ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा काळे फिनेल आज गवती चहाला भोवले, उद्या ते मांजराच्या पोटात गेले असते तर आपण तक्रारदाराऐवजी आरोपी झाला असता.

उलट बाजूने, शेजाऱ्याच्या मांजरामुळे आपल्या जागेचा उपभोग घेता येत नाही हा खासगी उपद्रव म्हणून दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागता येतो, हे तत्त्वतः खरे आहे. पण तिथे विष्ठा याच मांजरांची आहे, पिवळ्या बोक्याची किंवा पलीकडच्या गल्लीतल्या मांजराची नाही, हे आपल्याला शाबीत करावे लागेल, आणि मेथीच्या दोन जुड्यांसाठी तारखा मोजण्याची तयारी ठेवावी लागेल. कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली जो अर्ज करतात, तो सार्वजनिक उपद्रवासाठी आहे. दोन घरांमधल्या कुंपणाचा वाद त्यात बसवणे कठीण. अगदीच गरज पडली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण म्हणून जाता येते. दोन्ही बाजू बोलावून समेटाचा प्रयत्न होतो आणि लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा दोघांवर बंधनकारक राहतो. तरीही डबा पोचवणाऱ्या शेजारणीला नोटीस पाठवण्यापूर्वी बाकीचे सर्व करून पाहावे असे माझे मत आहे.


उत्तर ३
भाटीची आई, गावभाग, सांगली

मी मांजरे पाळणाऱ्यांच्या बाजूची आहे, हे आधीच कबूल करते. आमच्याकडे दोन आहेत. २०१९ च्या महापुरात आमच्या भाटीला भाताच्या पातेल्यात बसवून गच्चीवर नेले होते, आणि पाणी ओसरल्यावर गावभागात उंदरांचा असा सुळसुळाट झाला की जे शेजारी तिला चप्पल फेकून मारत, तेच तिला वाटीत दूध ठेवू लागले. ते दूध चार महिने चालले, मग पुन्हा चप्पल आली. म्हणून या विषयात मला दोन्ही बाजूंचा पुरेसा अनुभव आहे.

काका, आपण जे वर्णन केले आहे त्यात मांजरांचा खोडसाळपणा कुठेच दिसत नाही. मांजर स्वभावाने घाण झाकणारे जनावर आहे. त्याला पंजाने सहज उकरता येईल अशी मोकळी, भुसभुशीत आणि शक्यतो कोरडी माती लागते. आपण कुदळून, ढेकळे फोडून, शेणखत मिसळून आणि वरून सपाट करून जो वाफा तयार करता, तो मेथीसाठी जितका योग्य तितकाच त्यांच्यासाठीही योग्य असतो. एकदा जागा ठरली की तिथल्या वासावरून मांजर पुन्हा तिथेच येते, आणि आईच्या मागून पिल्ले तीच जागा शिकतात. चार खड्डे एका रात्रीत पडले याचे मला मुळीच नवल वाटत नाही.

माझा खरा प्रश्न वेगळा आहे. आपण सतरा-अठरा वर्षे बाग करता आणि उपद्रव फक्त आठ-दहा महिन्यांचा आहे. भाटी त्यापूर्वीही तिथे होती का? असल्यास ती आधी कुठे जात होती? मांजराची सवय आपोआप बदलत नाही, काहीतरी घडलेले असते. नवे कुत्रे आले, पिल्ले झाली, पूर्वीची जागा बंद झाली, यांपैकी काही आपल्या गल्लीत झाले आहे का, हे आठवून सांगावे. ते कळल्याशिवाय तिखट, निळीच्या बाटल्या आणि फिनेल यांची यादी कितीही लांबवली तरी उपयोग होणार नाही.

आणि वहिनींशी बोलण्याबद्दल थोडे, राग मानू नये. ‘तुमची मांजरे आवरा’ हे वाक्य मी गेल्या पंधरा वर्षांत शंभरदा ऐकले असेन. ते ऐकून करायचे काय, हेच पाळणाऱ्याला कळत नाही, कारण मांजर आवरता येत नाही हे दोघांनाही माहीत असते. त्याऐवजी ‘तुमच्या अंगणात या कोपऱ्यात एवढी एवढी जागा करू या, माती मी देतो’ असे काही ठरावीक मागितले, तर हो किंवा नाही असे उत्तर तरी देता येते. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. इथे उंदीर नाहीत, दोन शहाणी माणसे आहेत.


परसदार, शाहूनगर, सातारा

ताई, आपल्या प्रश्नाने मला खरोखर विचारात टाकले. काल संध्याकाळी गच्चीवर जाऊन मी आमची गल्ली पाहिली आणि स्वतःलाच विचारले की हे आजवर दिसले कसे नाही.

भाटी चार वर्षांपासून आहे. तिचा उपद्रव पूर्वी अजिबात नव्हता. वहिनींच्या घरामागे तेव्हा मोकळी माती होती, कडेला लिंबाचे झाड आणि त्याखाली पालापाचोळा. मागच्या दिवाळीच्या आधी त्यांच्या मुलाने पावसाळ्यातल्या चिखलाला कंटाळून पुढचे-मागचे सगळे अंगण पेव्हर ब्लॉक घालून बंद केले. लिंबाच्या बुंध्यालासुद्धा जेमतेम वीतभर आळे ठेवले आहे. पलीकडच्या दोन घरांनी त्याआधीच शहाबादी फरशी घातली होती. समोरचा रिकामा भूखंड, जिथे गवत आणि मुरूम होता, तिथे या वर्षी इमारतीचा पाया निघाला. २०२० च्या हद्दवाढीत आमचा भाग नगरपालिकेत आल्यापासून रस्ते आणि गटारे झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण वरून पाहिले तर आमच्या ओळीत सात घरे आहेत आणि उघडी माती फक्त माझ्या परसात उरली आहे. त्या चार जिवांनी दुसरीकडे जायचे तरी कुठे?

हे कळल्याने मेथी परत येत नाही, हेही खरे. परंतु वहिनींशी बोलायला आता माझ्याजवळ काहीतरी विषय आहे. मुलीच्या बाबतीत मात्र अजून कोणी लिहिलेले नाही, त्याविषयी कृपया सांगावे.


उत्तर ४
जुना पशुधन, वाई

मी पशुसंवर्धन खात्यातून निवृत्त झालो आहे. मुलीच्या प्रश्नापासूनच सुरुवात करतो, कारण या विषयात ऐकीव भीती फार आणि नेमकी माहिती थोडी अशी स्थिती असते.

मांजरामुळे गर्भवतीला धोका म्हणतात तो टॉक्सोप्लाझ्मा गोंडी या परजीवीचा. त्याचे जीवनचक्र मांजराच्या कुळातील प्राण्यांच्या आतड्यातच पूर्ण होते आणि त्याची सूक्ष्म बीजे विष्ठेतून बाहेर पडतात, इतके खरे आहे. पण मांजराला पहिल्यांदा लागण झाली की ते साधारण एक ते तीन आठवडेच ही बीजे टाकते. नंतर सहसा टाकत नाही. म्हणजे चार वर्षांच्या भाटीपेक्षा नुकतीच उंदीर-चिमण्या मारायला शिकलेली पिल्ले अधिक संशयास्पद. दुसरे म्हणजे ताज्या विष्ठेतील बीजे लगेच बाधत नाहीत, त्यांना पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. त्यामुळे घाण रोजच्या रोज उचलणे हाच निम्मा बंदोबस्त आहे. मात्र मातीत मिसळून राहिलेली बीजे ओलसर, सावलीच्या जागी अनेक महिने, प्रसंगी वर्षाहूनही अधिक काळ टिकतात, आणि फिनेल किंवा ब्लीचिंगने ती मरत नाहीत. फरशीवरची जागा असेल तर उकळते पाणी ओतणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

मांजर घरात असणे किंवा ते अंगाला घासून जाणे यातून सहसा लागण होत नाही. लागण तोंडावाटे होते : मातीचे हात तोंडाशी गेल्याने, न धुतलेल्या कच्च्या पालेभाजीतून आणि अर्धवट शिजलेल्या मांसातून. म्हणून मुलीने प्रसूतीपर्यंत वाफ्यात हात घालू नये, परसातील कोथिंबीर कच्ची वरून पेरण्याऐवजी भरपूर पाण्यात धुऊन आणि शिजवून घ्यावी, आणि आपण स्वतः रबरी हातमोजे घालूनच खुरपणी करावी. तिच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना परसात मांजरांचा वावर आहे हे जरूर सांगावे. रक्ततपासणी करायची की नाही ते त्या ठरवतील. पुष्कळांना ही लागण लहानपणीच होऊन गेलेली असते आणि गरोदरपणापूर्वी ती झालेली असेल तर बाळाला सहसा धोका नसतो. परसबाग बंद करण्याचे कारण मला दिसत नाही.

फिनेलविषयी कागदपत्र यांनी कायद्याच्या अंगाने लिहिले, मी वैद्यकाच्या अंगाने लिहितो. मांजराच्या यकृताला फिनॉलजातीय द्रव्ये पचवून बाहेर टाकता येत नाहीत. पायाला लागलेले फिनेल ते चाटते आणि आजारी पडते. डांबराच्या गोळ्याही तितक्याच वाईट. विष्ठेच्या किंवा लघवीच्या जागी ब्लीचिंग पावडर घालण्याचीही पद्धत आहे, ती सोडावी. लघवीतील अमोनियाशी संयोग होऊन घशाला झोंबणारा वायू तयार होतो, तो आपल्यालाच त्रास देतो.

आता मूळ संख्येकडे वळू. भाटीचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो, वर्षात दोन-तीन वेळा ती विऊ शकते आणि तिची पिल्ले पाच-सहा महिन्यांची झाली की काही तेव्हाच गाभण राहतात. वहिनींच्या घरी आज चार आहेत, पुढच्या दिवाळीला किती असतील हे बोटांवर मोजून पाहावे. भाटी आणि पिल्ले यांची नसबंदी हा खर्च दोन्ही घरांनी वाटून घ्यावा असाच आहे. बोक्याचे खच्चीकरण केले तर भिंतीवर, गाडीवर शेपूट उभारून उग्र वासाची पिचकारी मारण्याची त्याची सवय बहुधा सुटते. ती पिचकारी हद्द आखण्यासाठी असते, शौचाशी तिचा संबंध नाही, म्हणून मातीची सोय केली तरी ती थांबत नाही. जवळच्या पशुवैद्यकांकडे सोय नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात शिरवळला आहे, तिथे चौकशी करावी. त्याच वेळी रेबीजची लस टोचून घ्यावी. रेबीज फक्त कुत्र्याचा रोग आहे हा गैरसमज मी नोकरीच्या शेवटच्या दिवसापर्यंत ऐकत होतो.

एक किरकोळ वाटणारी सूचना : वहिनींना दूध बंद करण्यास सांगावे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, पोट बिघडते आणि मग वाफ्यात जे सापडते ते झाकलेलेही नसते व उचलताही येत नाही.


उत्तर ५
पाचटवाला, पलूस

कायदा आणि औषध झाले, आता वाफ्याकडे या. मांजराला मोकळी माती हवी असते, म्हणून माती मोकळी दिसूच द्यायची नाही. आमच्याकडे उसाचे पाचट फुकट मिळते. वांगी, अळू आणि तोंडली यांच्या बुंध्याभोवती ते चार बोटे जाड अंथरावे, पंजा त्यात अडकतो आणि मांजर निघून जाते. पाणीही कमी लागते, हा वरचा फायदा. मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर पाचट चालत नाही, तिथे पेरणी झाल्याबरोबर कोंबडीची जाळी मातीला टेकवून पसरावी आणि चार कोपऱ्यांवर विटा ठेवाव्यात. रोपे जाळीच्या भोकांतून वर येतात. काढणीच्या वेळी मेथी उपटताना थोडी कटकट होते, म्हणून मी जाळी रोपे चार-सहा बोटांची झाली की उचलून पुढच्या वाफ्यावर टाकतो. तोवर पानांनी जमीन झाकलेली असते. जाळी नको असेल तर बांबूच्या कामट्या वीतभर उंच आणि चार-चार बोटांवर उभ्या खोचाव्यात, म्हणजे मांजराला गोल फिरून बसता येत नाही. पाणी सकाळऐवजी संध्याकाळी द्यावे, रात्री माती ओली राहते.

काही जण लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस पसरायला सांगतात. ते चुकूनही करू नये. मी एकदा सॉ-मिलमधून दोन पोती भुसा आणून गुलाबांना घातला आणि आठवड्यात आमच्या वस्तीतली सगळी मांजरे तिथे येऊ लागली. कोरडा भुसा म्हणजे त्यांच्यासाठी आयती गादी.


भाटीची आई, गावभाग, सांगली

पाचटवाला यांच्याशी पूर्ण सहमत आहे, फक्त क्रम सांभाळावा. परसातली माती एका दिवसात बंद केली आणि वहिनींकडे पर्याय तयार नसेल, तर मांजरे जिन्याखाली, पायपुसण्यावर किंवा कुंडीत जातील. आधी नवी जागा, तिथे ती दोन-चार दिवस जाऊ लागली की मग जाळी. जागा उघड्यावर करायची असेल तर किमान तीन फूट बाय तीन फूट, आडोशाची, आणि त्यांच्या खाण्याच्या ओट्यापासून लांब हवी. जेवतात तिथे मांजरे घाण करत नाहीत. आणि एक युक्ती : आपल्या वाफ्यातली खराब झालेली माती फेकून देऊ नये, तीच खुरप्याने उचलून नव्या जागेवर वरून पसरावी. पत्ता त्यांना वासाने कळतो.


परसदार, शाहूनगर, सातारा

पाच आठवड्यांनंतर हे लिहीत आहे. उशिराबद्दल क्षमस्व, मधल्या काळात मुलगी आली आणि घरात गडबड होती.

आपण सांगितल्याप्रमाणे मी वहिनींकडे गेलो. तक्रार न करता थेट म्हणालो, ‘लिंबाखालचे चाळीसएक ब्लॉक काढू द्या, माती माझी, मजुरी माझी.’ त्या काही क्षण गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या की लिंबही त्या ब्लॉकांमुळेच वाळत चालले आहे असे त्यांना वाटत होते, पण मुलाने हौसेने केलेले काम म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. मुलाची समजूत त्यांनीच काढली. दोन दिवसांत तीन फूट बाय चार फुटांचा चौकोन मोकळा झाला, खालचा मुरूम आणि खडी काढून मी आठ घमेली माती व चार घमेली वाळू टाकली आणि वरून ताईंच्या सांगण्याप्रमाणे माझ्या वाफ्यातली ती खास माती पसरली. सौ. म्हणाल्या, एवढ्या मानाने घाण दुसऱ्याच्या दारात नेणारा माणूस मी पहिलाच पाहिला.

पहिले दोन दिवस काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या सुमारास वहिनींनी कुंपणावरून हळू आवाजात ‘भाऊजी, भाऊजी’ अशी हाक मारली. भाटी लिंबाखाली उकरत होती. तिने आधी वास घेतला, मग जागा बदलून पुन्हा उकरले, बसली, आणि उठून मागच्या बाजूने तीन-चार वेळा माती ओढली. आम्ही दोघेही हातात चहाचा कप घेऊन ते पाहत उभे होतो. पिल्ले आठवडाभरात तिथेच जाऊ लागली. वहिनी रोज सकाळी खुरप्याने ते उचलतात आणि वेगळ्या पिशवीत बांधून टाकतात. माझ्या खतखड्ड्यात ते येऊ द्यायचे नाही असे ठरले आहे. कोंबडीची जाळी अंथरून पुन्हा पेरलेली मेथी आता वीतभर झाली असून, पहिली जुडी कुंपणापलीकडे गेली. मुलीच्या डॉक्टरांशी बोलणे झाले, त्यांनी वाई येथील सभासदांनी सांगितलेलीच पथ्ये सांगितली. भाटी आणि एक पिल्लू यांच्या शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्या पिल्लाची पुढच्या आठवड्यात आहे. खर्च निम्मा-निम्मा ठरला होता, परंतु वहिनी माझे पैसे घेत नाहीत, हा नवा वाद सुरू आहे.

सगळे सुरळीत झाले असे मात्र म्हणता येत नाही. पिवळ्या बोक्याने माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकावर पिचकारी मारणे सोडलेले नाही आणि तो कोणाच्याच हाती लागत नाही. पशुवैद्यकांनी पिंजरा देण्याचे कबूल केले आहे. तेव्हा पाळणाऱ्या सभासदांना एवढेच विचारायचे आहे की पिंजऱ्यात आमिष म्हणून सुके बोंबील पुरतात की ओली मासळीच लागते. वहिनींचा आग्रह बोंबलांचा आहे, पण पिंजरा ठेवायला आडोशाची जागा आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालीच आहे आणि आमच्या घरात आजवर मासळी आलेली नाही.